खिडकीतला जेड: नवी रोपं कशी करायची, त्यांना झाडाचा आकार कसा द्यायचा

प्रश्न थोडक्यात असा आहे: बोनसाय म्हणून आणलेला जेड वर्षभर खिडकीजवळच्या टेबलावर आहे. फांद्या लांबट होऊन लोंबायला लागल्यात, पानं सुरकुततात आणि गळतात. पाणी मात्र न चुकता एक दिवसाआड घातलं जातं. हे झाड सावरेल का, आणि छाटलेल्या फांद्यांपासून नवी रोपं करून त्यांचं बोनसाय करता येईल का?

दोन्ही होईल. पण आधी तुमच्याकडे कोणता जेड आहे ते बघा, कारण या एका नावाखाली दोन निराळी झाडं विकली जातात. एक क्रासुला ओव्हाटा: पान ३ ते ८ सेंमी, जाड आणि चकचकीत, खोड करडं, मांसल, त्यावर गळून गेलेल्या पानांच्या आडव्या वळ्या. दुसरं पोर्टुलॅकॅरिया आफ्रा: पान जेमतेम १ ते २ सेंमी, गोलसर, फांद्या तांबूस-तपकिरी आणि बारीक, पेरं आखूड. दोन्ही मूळची दक्षिण आफ्रिकेकडची आणि दोन्हींची पानं समोरासमोर जोडीने येतात, म्हणून गल्लत होते. प्रत्यक्षात त्यांची कुळंही वेगळी आहेत.

बोनसायसाठी पोर्टुलॅकॅरिया उजवा, यात मला शंका नाही. २० सेंमी उंचीच्या झाडावर एक सेंमीचं पान शोभतं, पाच सेंमीचं पान हातपंख्यासारखं दिसतं. शिवाय त्याच्या फांद्या तारेने थोड्याफार वळतात, छाटल्यावर जुन्या खोडातूनही फुटवे येतात. क्रासुलाचं बोनसाय होतच नाही असं नाही, पण ते ३०-४० सेंमी उंच, जाड बुंध्याचं आणि मोजक्या फांद्यांचं ठेवलं तरच जमतं. त्यातून नाजूक जाळीदार फांद्यांची अपेक्षा धरू नका. घरात मांजर किंवा कुत्रा असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा: क्रासुलाची पानं खाल्ली तर त्यांना उलट्या आणि सुस्ती येते, पोर्टुलॅकॅरियाचा तसा त्रास नाही.

आता मुद्द्याचं. वड, पिंपळ किंवा पाइनच्या बोनसायचे नियम जेडला लावले की तो मरतो. हे झाड म्हणजे पाण्याची टाकी आहे. खोड, फांद्या, पानं, सगळीकडे पाणी साठवलेलं असतं. कोरड्या दिवसांत ते पानांची छिद्रं दिवसा मिटून ठेवतं आणि रात्री उघडतं, त्यामुळे पाणी फार कमी उडतं. म्हणून इतर बोनसायची मुळं कधी सुकू द्यायची नसतात, जेडची सुकू द्यावीच लागतात. इतरांना कुंडी बदलल्यावर लगेच भरपूर पाणी देतात, जेडला आठवडाभर देत नाहीत. इतरांच्या कापावर लेप लावतात, जेडचा काप उघडा वाळू देतात. खोडाचा भाग सोलून वाळलेल्या लाकडाचा देखावा करण्याची कलाही इथे चालत नाही, कारण आत कठीण लाकूडच नसतं. सोललेला भाग कुजतो किंवा आकसतो.

तुमच्या झाडाचा पहिला दोष पाणी नाही, प्रकाश आहे. पाणी दुसरा. डोळ्यांना उजेड वाटणारी खोली झाडाला अंधारी असते. खोलीच्या मध्यावर दिवसा २०० ते ५०० लक्स (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश असतो, बाहेर मोकळ्या सावलीत १०,००० च्या पुढे, थेट उन्हात लाखाच्या आसपास. मोबाइलवरचं लक्स मोजणारं ॲप अगदी अचूक नसतं, पण या कामाला पुरतं. पानांच्या उंचीवर दिवसातले पाच-सहा तास तरी १०,००० लक्स मिळाले पाहिजेत. म्हणजे झाड खिडकीजवळच्या टेबलावर नव्हे, खिडकीच्या कट्ट्यावर, काचेला लागून. उत्तर गोलार्धात शक्यतो दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या खिडकीत. पातळ पडदासुद्धा बराच प्रकाश खातो. अशी खिडकी नसेल तर पांढऱ्या प्रकाशाचा, प्रत्यक्ष २० ते ३० वॅट वीज घेणारा एलईडी दिवा झाडाच्या शेंड्यापासून २५-३० सेंमीवर टांगा आणि टायमर लावून १२ ते १४ तास चालू ठेवा. झाडांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या जांभळ्या दिव्याची गरज नाही, त्यात झाडाचा रंगही कळत नाही.

प्रकाश पुरतो की नाही हे पेरं सांगतात. पोर्टुलॅकॅरियात दोन पानजोड्यांमधलं अंतर एक सेंमीच्या आत असेल तर ठीक. दोन-अडीच सेंमी झालं तर झाड उजेड शोधतंय. आणि एकदा लांबलेलं पेर पुन्हा आखूड होत नाही. म्हणून लांबट फांद्या ‘सुधारण्याची’ वाट बघू नका. जागा बदला, नवे फुटवे आखूड पेरांचे यायला लागले की जुन्या फांद्या छाटून टाका. अंधारातून थेट उन्हात मात्र नेऊ नका, पानांवर पांढरट-करडे डाग पडतात आणि ते जात नाहीत. रोज थोडं जास्त ऊन असं करत १०-१४ दिवस घ्या. पानांच्या कडा लाल झाल्या तर घाबरू नका, ती भरपूर उजेडाची किंवा थंडीची खूण आहे, रोग नाही.

पाण्याबद्दल ‘किती दिवसांनी’ हा प्रश्नच चुकीचा आहे. प्रकाश जास्त तर झाड पाणी जास्त उचलतं, कमी तर माती आठ-आठ दिवस ओली राहते. कुंडी हाताने उचलून बघा: पाणी घातल्यानंतरचं वजन आणि पूर्ण सुकल्यावरचं वजन, दोन्ही एकदा हाताला कळली की बोट मातीत घालायची गरजही उरत नाही. सुकल्यावरही दोन-तीन दिवस थांबा. खालची पानं किंचित मऊ लागली, चिमटीत थोडी दबली, की मग खालून वाहून जाईपर्यंत पाणी घाला. घोट-घोट पाणी रोज घालणं सर्वांत वाईट. त्यात वरचा थर ओला राहतो आणि तळाची मुळं तहानलेली राहतात.

सुरकुतलेल्या पानांमुळे बहुतेकांची फसगत होते. पान सुरकुतलं म्हणजे तहान, असं समजून अजून पाणी घातलं जातं. पण मुळं कुजली तरी पान तसंच सुरकुततं, कारण पाणी वर चढवायला कोणी उरलेलंच नसतं. फरक मातीत दिसतो: माती सुकी आणि पान सुरकुतलेलं, तर पाणी द्या, दोन-तीन दिवसांत पान फुगतं. माती ओली आणि पान सुरकुतलेलं, पिवळट, हात लागताच गळणारं, तर झाड तातडीने कुंडीतून काढा. निरोगी मूळ पांढरट किंवा फिकट तपकिरी आणि चिवट असतं. कुजलेलं काळं असतं आणि ओढलं की साल हातात येऊन आतला धागा उरतो. कुजलेलं सगळं कापा. बुंधा मऊ लागत असेल तर वर वर काप घेत जा, कापाचा आडवा भाग एकसारखा स्वच्छ दिसेपर्यंत. आत एखादा तपकिरी ठिपका दिसला तरी आणखी एक सेंमी वर कापा, आणि प्रत्येक कापाआधी पातं स्पिरिटने पुसा. उरलेला वरचा भाग आता झाड नव्हे, कटिंग आहे, म्हणजे नवं रोप करायला घेतलेला फांदीचा तुकडा. एक दिवसाआड पाणी घातलं असेल तर तुमच्या झाडाची बहुधा हीच गत आहे, म्हणून आधी हे तपासा.

मातीचं मिश्रण ठरवताना बोनसायची उथळ कुंडी डोळ्यांसमोर ठेवा. उथळ कुंडीतून पाणी लवकर निथळतं असं वाटतं, घडतं उलटं. जेवणाच्या ताटाएवढा स्पंज पाण्यात भिजवून आडवा धरा. थोडं पाणी गळेल आणि थांबेल. आता तोच स्पंज उभा करा: पुन्हा धार लागेल. मातीचंही तसंच. कुंडीच्या तळाशी पाण्याने भरलेला एक थर अडकून राहतो, त्याची जाडी मातीच्या कणांवर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. १५ सेंमी खोल कुंडीत तीन सेंमीचा ओला थर झाडाला जाणवत नाही. चार सेंमी खोल ट्रेमध्ये तो म्हणजे जवळपास सगळी माती झाली. तळाला खडे घालून हा थर जात नाही, फक्त वर सरकतो. उपाय एकच, कण मोठे घ्या. (पाणी घातल्यावर कुंडी मिनिटभर एका कडेवर तिरकी धरली तरी बरंच पाणी निघतं, स्पंजाचीच युक्ती.)

म्हणून मिश्रण असं: प्युमिस किंवा परलाईट (दोन्ही हलके, सच्छिद्र खडे) २ भाग, विटांचा चुरा किंवा भरड वाळू १ भाग, कुजलेलं पानखत किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) १ भाग. कण २ ते ५ मिमीचे. दोन मिमीच्या चाळणीतून जे खाली पडेल ते सगळं फेकून द्या. चाळण्याचा कंटाळा करून त्याच मापाने केलेलं मिश्रण दोन महिन्यांत चिखल होतं. कोकोपीट आधी दोन-तीनदा धुवून घ्या, त्यात क्षार असतात. ओतलेलं पाणी वर साचून न राहता काही सेकंदांत खाली उतरलं पाहिजे.

आता कटिंग. बारीक कटिंग ८ ते १२ सेंमीचं घ्या, निदान चार-पाच पानजोड्या असलेलं. पेरांच्या सांध्याच्या अगदी खाली, आडवा सरळ काप द्या; तिरका काप दिला तर मुळं एका टोकाला गोळा होतात आणि पुढे बुंधा एकांगी होतो. खालच्या दोन जोड्या काढा. मग सावलीत, हवेशीर जागी, कागदावर ठेवून द्या. पेन्सिलीएवढ्या कटिंगला ४ ते ७ दिवस, अंगठ्याएवढ्याला दोन आठवडे, त्याहून जाडाला तीन. कापावर कोरडी, कडक खपली धरली पाहिजे. नखाने दाबल्यावर ओल जाणवली तर अजून थांबा. ज्यांची कटिंग कुजतात, त्यांनी बहुधा इथेच घाई केलेली असते.

खपली धरलेलं कटिंग कोरड्या मिश्रणात दोन-तीन सेंमी खोचा. पाणी नाही. आठ-दहा दिवसांनी हलका शिडकावा, मग माती सुकेल तसा पुन्हा. प्लास्टिकची पिशवी झाकायची नाही. गुलाबाच्या कटिंगला ती वाचवते, जेडला कुजवते. मुळं फुटवणारी पावडरही लागत नाही. जागा उजेडाची पण थेट दुपारच्या उन्हाची नको, उष्णता २० ते ३० अंश. या काळात पानं सुरकुततील. सुरकुतू द्या, झाड साठ्यातलं पाणी वापरतंय. तीन-चार आठवड्यांनी वरची पानं पुन्हा टरारून फुगली की मुळं कामाला लागली. उपटून बघायचा मोह होतो. त्याऐवजी दोन बोटांनी अगदी हलकं वर ओढा, अडकल्यासारखं वाटलं की झालं.

जाड फांदीचं कटिंग हा बोनसायसाठी सगळ्यात जवळचा रस्ता आहे. ३-४ सेंमी जाडीची फांदी कापून, वाळवून लावली की बुंध्याची कित्येक वर्षं वाचतात. तिला मुळं यायला सहा ते आठ आठवडे लागतात, आणि तोवर ती हलली तर कोवळी मुळं तुटतात. कुंडीच्या भोकांतून तार किंवा सुतळी घेऊन ती घट्ट बांधा. इतक्या जाड कापानंतर मूळ झाडालाही आठवडाभर पाणी देऊ नका.

पानापासून रोप हा क्रासुलाचा खेळ आहे. देठाच्या टोकापर्यंत अख्खं निघालेलं पान तीन-चार दिवस सुकवून मिश्रणावर नुसतं आडवं ठेवा. महिनाभरात गुलाबी-पांढरी मुळं, मग इवलीशी पानजोडी. जुनं पान आपोआप वाळून गळेपर्यंत काढू नका. पोर्टुलॅकॅरियाच्या पानाला मुळं कधीकधी येतात, पण पुढे रोप क्वचितच होतं. तसंही पानापासून बोनसायचा बुंधा व्हायला फार वर्षं लागतात.

मुळं धरलेल्या कटिंगला लगेच उथळ कुंडीत घालून छाटायला लागणं ही नवशिक्यांची ठरलेली चूक. बुंधा जाड करतात ती पानं. जितकं पान जास्त तितकं खोड फुगतं. म्हणून पहिली दीड-दोन वर्षं १२-१५ सेंमीच्या साध्या कुंडीत मोकळं वाढू द्या. सहा-आठ महिन्यांनी एकदा काढून सरळ खाली जाणारी मुळं कापा, बाजूची चाकाच्या आऱ्यांसारखी पसरा, आणि बुंध्याखाली तीन-चार सेंमीवर फरशीचा सपाट तुकडा ठेवून पुन्हा लावा. मुळं आडवी पसरतात आणि बुंधा तळाशी रुंद होतो. बुडाजवळची एखादी फांदी मुद्दाम न छाटता लांब जाऊ द्या. तिच्यामुळे खालचा भाग जाड होतो, काम झालं की ती कापायची. घरातच वाढवत असाल तर हे सगळं सावकाश होणार. उबदार महिन्यांत बाहेर ठेवता आलं तर एका हंगामात फरक दिसतो.

आकार द्यायचा तो मुख्यतः कात्रीने. इथे पानजोडी नीट बघायला शिका. एक जोडी डावी-उजवी असेल तर तिच्या पुढची वर-खाली असते, त्यापुढची पुन्हा डावी-उजवी. प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा झोपलेला असतो. फांदी एखाद्या जोडीच्या वर कापली की दहा-पंधरा दिवसांत त्या जोडीचे दोन्ही डोळे फुगतात, आधी मोहरीएवढा हिरवा ठिपका, मग दोन फुटवे इंग्रजी व्हीसारखे. म्हणजे कुठे कापायचं हे ठरवलं की फांदी कुठे जाणार हेही ठरलं. आडव्या फांदीवर डाव्या-उजव्या जोडीच्या वर कापलं तर फांदी पंख्यासारखी सपाट पसरते. वर-खाली जोडीच्या वर कापलं तर एक फुटवा आकाशाकडे, एक जमिनीकडे. अशा ठिकाणी नको असलेला डोळा फुगताच नखाने खुडा. महिनाभराने कापायला गेलात तर व्रण राहतो. काप सांध्याला चिकटून घेऊ नका, वर ३ ते ५ मिमीचा खुंट ठेवा. तो वाळत सांध्यापर्यंत येतो आणि स्वतः गळतो. चिकटून कापलं तर तेच वाळणं सांध्याच्या खाली उतरतं आणि डोळेच जातात.

पुढे नियम सोपा: फुटव्याला चार-पाच जोड्या आल्या की एक किंवा दोन ठेवून वरचं कापा. बुंध्यावर एकाच उंचीला समोरासमोर दोन फांद्या निघतातच. त्यातली एक काढा, नाहीतर झाड हात पसरलेल्या बुजगावण्यासारखं दिसतं. पोर्टुलॅकॅरियाची आतली दाटी मोडायला वाढीच्या काळात सगळी पानं काढूनही टाकता येतात, दोन ते चार आठवड्यांत नवी येतात. पानं नसताना पाणी जवळपास बंद ठेवायचं, हे विसरलं की मुळं कुजतात. अशक्त झाडावर हा प्रयोग नको, तुमच्या झाडावर तर आत्ता मुळीच नको.

तार क्रासुलाला लावूच नये असं माझं मत आहे. मांसल फांदीत ती तीन आठवड्यांत रुतते, आणि वाकवताना फांदी गाजरासारखी काडकन मोडते. पोर्टुलॅकॅरियाला १ ते २ मिमीची ॲल्युमिनियमची तार चालते. पाणी चार-पाच दिवस तोडून, फांद्या थोड्या लवचीक झाल्यावरच वाकवा. दर दोन आठवड्यांनी बघा आणि रुतायच्या आत तार कापून काढा, उलगडू नका.

कुंडी दोन-तीन वर्षांनी बदला, उबदार वाढीच्या दिवसांत. आधी माती पूर्ण सुकू द्या, मुळं झटका, एक तृतीयांशापर्यंत कापा, कोरड्या मिश्रणात लावा आणि ५ ते ७ दिवस पाणी देऊ नका. कापलेल्या मुळांवरही खपली धरावी लागते. वरचा भार जड आणि मुळं तोकडी असल्यामुळे झाड कुंडीला तारेने बांधा, तारेखाली रबराचा तुकडा ठेवा. जेडसाठी कुंडी ५-६ सेंमी खोल असली तर बरं. त्याहून उथळ फक्त प्रदर्शनापुरती.

खत वाढीच्या काळात, दर दोन-तीन आठवड्यांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम, तेही माती ओली असताना. उजेड कमी असेल तर खत बंद, नाहीतर पेरं आणखी लांबतात. थंडीत १० अंशांच्या खाली जवळपास कोरडं ठेवा, ५ च्या खाली जाऊ देऊ नका. पाण्याने भरलेल्या पेशी गोठल्या की फुटतात आणि फांदी काळी पडून लिबलिबीत होते.

कीड मुख्यतः एकच: पिठ्या ढेकूण. पानांच्या बगलेत कापसासारखे पुंजके दिसतात. ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून एकेक टिपा, दर आठवड्याला, निदान चार वेळा, कारण अंडी एका फेरीत मरत नाहीत. तेलकट फवारे टाळा, पानावरचा मेणाचा थर जातो. झाड विनाकारण खंगत असेल तर कुंडीतून काढून मुळं बघा, तिथेही पांढरी भुकटी सापडते. मातीवर बारीक काळी चिलटं उडत असतील तर माती सतत ओली राहतेय. आणि क्रासुलाच्या पानांच्या कडेला दिसणारे बारीक पांढरे ठिपके ही कीड नव्हे: पान जादा पाणी ज्या सूक्ष्म छिद्रांतून बाहेर टाकतं, तिथे क्षार सुकून राहतात. ओल्या फडक्याने पुसले की जातात.